उजेडाचा पडदा

रंगवलेल्या पडद्याला वास असतो. सरसात कालवलेल्या रंगांचा, जाड मांजरपाटाचा, आणि वर्षातला बहुतेक काळ बांबूला गुंडाळून माळ्यावर पडून राहिल्यामुळे कापडात मुरलेल्या धुळीचा. आमच्या गावात गणपतीत नाटक असायचं, तेव्हा ड्रेपरीवाल्याच्या टेम्पोतून कपडे, दाढ्यामिशा आणि तलवारींसोबत पडद्यांच्या गुंडाळ्या उतरत. महाल, रस्ता, अरण्य. जगातली सगळी नाटकं या तीन जागांत मावतात, असा माझा लहानपणी पक्का समज होता. महालाच्या पडद्यावर कमानीमागून कमान आत आत जात राही आणि शेवटच्या कमानीतून टीचभर निळं तळं दिसे. त्या तळ्यापर्यंत कुठलाच नट कधी पोचला नाही. नट पडद्यापासून चार पावलं पुढेच उभा राही, कारण मागे सरकला की त्याचं डोकं दुसऱ्या कमानीला टेकायचं आणि अख्खा महाल बाहुल्यांचा होऊन जायचा. हे अंतर गावातल्या कुणाही नटाला शिकवावं लागत नसे. पडदाच ते राखून घेई.

आता मी स्वतः नाटकांसाठी उजेडाची चित्रं करते. प्रोजेक्टर, लॅपटॉप, केबलचं भेंडोळं, भिंगापुढे धरायला एक काळा पुठ्ठा, इतका माझा संसार. माझ्या पडद्याला वास नाही, घडी नाही, आणि वीज गेली की तो मुळीच नाही. पण त्या चार पावलांच्या अंतराशी मी रोज झगडते. माणूस आणि त्याच्या मागचं चित्र यांच्यात किती जागा असावी, आणि त्या जागेत उजेड कोणाचा पडावा, याहून मोठा प्रश्न मला या कामात भेटलेला नाही.

विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा प्रसंग उभा राहायचा तो मुख्यतः सूत्रधाराच्या गाण्यातून. तो गाईल तिथे अरण्य, तो सांगेल तिथे सभा. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, संगीत नाटकांचा सुकाळ झाला, आणि कंपन्यांच्या वैभवात गवयांच्या जोडीला पडदे येऊन बसले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या चुलत भावांनी रंगवलेल्या पडद्यांची ख्याती होती. ललितकलादर्शच्या पडद्यांमागे पु. श्री. काळे यांचा कुंचला होता. या मंडळींनी कापडावर खोली आणली, दगडाला ऊन लावलं, संध्याकाळ रंगवली. आणि मग एक गोष्ट घडली, जी मला फार जवळची वाटते. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आली. पडदे रंगवणारा हात सिनेमाकडे वळला. मला त्यात धंद्याच्या हिशेबापेक्षा दुसरं काही दिसतं. ज्यानं वर्षानुवर्षं कापडावर संध्याकाळ रंगवली, त्याला कधीतरी वाटणारच की हिची रात्र व्हावी. रंगवलेली संध्याकाळ पाचही अंक संध्याकाळच राहते. ऊन त्या दगडावर पडलेलं असतं, तिथून ते हलत नाही.

पडद्याची ताकद त्यातच होती आणि मर्यादाही त्यातच. तो जागा सांगे. काळ सांगणं त्याच्या हाती नव्हतं.

ते ज्याच्या हाती होतं ते यंत्र मात्र महाराष्ट्रात सिनेमाच्याही आधी आलेलं होतं. ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला दाखवली गेली, हे सगळे सांगतात. त्याच्याही आधी, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह 'शांबरिक खरोलिका' या नावानं काचचित्रांचे खेळ सुरू केले होते. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली पुराणातली पात्रं, मागे दिवा, पुढे भिंग. एकाच पात्राच्या निरनिराळ्या स्थितींची चित्रं लागोपाठ सरकवायची की पडद्यावरचा हात उठायचा, मान वळायची. आणि सोबत घरातलीच माणसं निवेदन करायची, संवाद म्हणायची, गायची. मी या खेळांबद्दल वाचते तेव्हा मला सर्वांत जास्त त्या सरकवणाऱ्या हातांचं कौतुक वाटतं. तोंडानं कथा चालू असताना दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांनी नेमक्या शब्दावर काच बदलायची. शब्द आधी गेला तर चित्र लंगडं, काच आधी गेली तर शब्द फुकट. अंधारात, तापलेल्या दिव्याशेजारी, बोटांना फक्त गोष्टीच्या लयीचा आधार. शंभराहून जास्त वर्षांनी मी लॅपटॉपच्या कळीवर बोट ठेवून बसते तेव्हा तेच करत असते.

मधल्या काळात आपल्या रंगभूमीनं चित्रांचे पडदे बऱ्याच अंशी उतरवून ठेवले. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'पासून भिंती, दारं, खुर्च्या यांचं खरं भासणारं घर रंगमंचावर आलं, आणि ते इतकं मुक्कामाला आलं की मराठी नाटक म्हटलं की सोफा आणि डावीकडे स्वयंपाकघराचं दार डोळ्यांपुढे येतं. ते घर मला आवडतं. त्यात वाढलेल्या कितीतरी नाटकांनी आपल्याला श्रीमंत केलं आहे. प्रोजेक्टर स्वस्त झाला आणि चित्र पुन्हा रंगमंचावर परतलं, ते मात्र बहुतेक वेळा पडद्याचीच जुनी कामगिरी घेऊन. बाग दाखव, समुद्र दाखव, किल्ला दाखव. भाड्याचा बांबू गेला आणि त्या जागी पेन ड्राइव्ह आला.

इथे उजेडाचं भांडण सुरू होतं. रंगवलेला पडदा स्वतः प्रकाशत नाही. नटावर पडलेल्या दिव्याचा उरलेला उजेड त्याच्यावर पडतो, म्हणून पडदा आणि नट एकाच हवेतले वाटतात. प्रोजेक्टरचं चित्र मात्र स्वतःच उजेड आहे. नटाच्या चेहऱ्यावर दिवा वाढवला की तो उजेड जमिनीवरून, कपड्यांवरून उडून मागे जातो आणि चित्र धुतल्यासारखं फिकं पडतं. चित्र टिकावं म्हणून दिवे कमी केले की डोळे जातात, नटाचे डोळे, ज्यांच्यासाठी माणसं तिकीट काढून आलेली असतात. समोरून चित्र टाकलं तर नटाची सावली समुद्रात पडते. मागून टाकायचं तर पडद्यापाठीमागे पुरेशी खोली हवी, आणि आपल्या कितीतरी नाट्यगृहांत मागच्या भिंतीला आणि शेवटच्या पडद्याला एकमेकांचा श्वास लागतो. शिवाय प्रोजेक्टरचा काळा रंग काळा नसतोच. त्याला काहीही दाखवायचं नसतं तेव्हाही तो पडद्यावर राखाडी चौकोन सांडत राहतो. पूर्ण अंधार झाल्यावर, जेव्हा प्रेक्षागृहात कुणीच हलत नाही, तेव्हा तो चौकोन रंगमंचावर रेंगाळलेला दिसतो. माझ्या संसारातला काळा पुठ्ठा त्याच्यासाठी असतो. महागड्या यंत्रात हे काम करणारी झडप आतच असते.

एलईडी वॉल आल्यापासून धुतल्या जाणाऱ्या चित्राची अडचण संपली आणि तिच्याहून मोठी अडचण दारात आली. ती भिंत इतकी लखलखीत असते की दिवे कितीही वाढवा, चित्र फिकं होत नाही. पण तिच्यापुढे उभा असलेला माणूस कडांनी काळा पडतो. त्याच्या मागे ढग सरकत असतात, झाडं डोलत असतात, पाणी वाहत असतं, आणि आपली नजर, जी शिकारीच्या काळापासून हलत्या वस्तूकडे धावते, ती बिचारी संवाद सोडून ढगांमागे जाते. असं नाटक बघताना मला नटाबद्दल फार वाईट वाटतं. तो घसा फोडून सांगत असतो आणि त्याच्यामागे एक पक्षी उडून जातो. महानाट्यांची गोष्ट वेगळी आहे. 'जाणता राजा' १९८५ मध्ये आलं ते हत्तीघोड्यांसह, मोकळ्या मैदानात, हजारोंसाठी. तिथे डोळे दिसावेत ही अपेक्षाच नसते. तिथे देखावा हाच प्रसंग असतो. पण चारपाचशे माणसांच्या नाट्यगृहात, जिथे नटाच्या हनुवटीची थरथर बाराव्या रांगेपर्यंत पोचू शकते, तिथे ती थरथर कशाच्याही बदल्यात देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग चित्र असावंच कशाला? दशावतारात एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगराचा कडा. रात्रभर माणसं ते मानतात, कारण संकासुर मानतो, राजा मानतो. कोकणातल्या त्याच दशावतारानं ट्रिकसीनची नाटकंही काढली आहेत, धूर, अवतरणारे देव, फणा काढणारे नाग. काही जाणकार नाक मुरडतात. मी मुरडत नाही. ट्रिकसीन झाला की प्रेक्षक टाळ्या देतात त्या करामतीला, आणि पुढच्या क्षणी पुन्हा बाकड्याचा रथ मान्य करतात. एकाच रात्री दोन्ही गोष्टी त्यांना चालतात. माणसाच्या मनाला जागा दाखवावी लागतच नाही, ती त्याला सांगितली की पुरते. दाखवली तरी तो आनंदानं बघतो, पण त्यावाचून त्याचं अडत नाही. अडतं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. गेलेला काळ शब्दांनी सांगताना नाटक अनेकदा थकतं. 'आठ वर्षं झाली' हे वाक्य उच्चारायला एक क्षण लागतो, आणि तो क्षण आठ वर्षांना पुरत नाही.

१९२७ मध्ये बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोरनं अर्न्स्ट टोलरचं 'होप्ला, आपण जगतो' अशा अर्थाच्या नावाचं नाटक बसवलं. त्याचा नायक क्रांतीच्या धामधुमीत पकडला जातो, आणि वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर येतो तेव्हा आठ वर्षं उलटलेली असतात. ती आठ वर्षं पिस्काटोरनं फिल्मवर दाखवली. जग पुढे गेलं, कारखाने, सत्ता, गर्दी, नाच, आणि हा आत. मला तो प्रयोग बघायला मिळणं शक्य नव्हतं, पण त्याची कल्पनाच मला वर्षानुवर्षं पुरली आहे. फिल्म तिथे कुठलीही खोली सजवत नाही. ती नायकाच्या आयुष्यातला खड्डा दाखवते. तो रिकामा काळ नटाला खेळता येणार नाही, कारण तो तिथे नव्हताच, आणि नेमकी तीच जागा चित्र भरतं.

टेनेसी विल्यम्सनं 'द ग्लास मिनॅजरी' लिहिलं तेव्हा संहितेत एक पडदा मागितला होता, ज्यावर अधूनमधून शब्द आणि चित्रं उमटावीत. १९४४ च्या शिकागोतल्या पहिल्या निर्मितीत तो वगळला गेला, आणि बहुतेक प्रयोग त्याच्याविनाच होतात. छापील संहितेत मात्र विल्यम्सनं तो राखून ठेवला. ते आठवणीचं नाटक आहे, सगळं टॉमच्या मनातून येतं. मला वाटतं त्या लेखकाला ठाऊक होतं की आठवणीत खोली क्वचितच अख्खी दिसते. एखादा शब्द उरतो, एखादं फूल, आणि तेच मोठं होऊन भिंतीवर येतं. प्रागचा योसेफ स्वोबोदा तर जन्मभर याच वाटेवर चालला. आल्फ्रेड रादोकबरोबर त्यानं १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनात 'लातेर्ना मागिका' सादर केलं. त्यात जिवंत नर्तक आणि फिल्मवरचे नर्तक एकमेकांना साद देत होते. नट आपल्याच दुसऱ्या वेळेशी बोलू शकतो, हे त्यानं जगाला दाखवलं.

आणि यासाठी फिल्म लागतेच असंही नाही. कोलकात्यात १९५९ मध्ये तापस सेन यांनी दोन नाटकांना प्रकाश दिला. 'सेतू'मध्ये त्यांनी दिव्यांच्या आणि आवाजाच्या जोरावर रंगमंचावरून आगगाडी नेली. ती गाडी बघायला माणसं पुन्हा पुन्हा येत. उत्पल दत्त यांच्या 'अंगार'मध्ये कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि अडकलेल्या मजुरांभोवती चढत जातं. ते पाणीही उजेडाचंच. खाण कशी असते हे सांगायला पाणी आलेलं नव्हतं. मजुरांपाशी किती वेळ उरला आहे हे ते सांगत होतं. गुडघा, कंबर, छाती. घड्याळ न दाखवता दाखवलेला वेळ.

हे 'अंगार'चं पाणी माझ्या डोक्यात होतं म्हणूनच उजनीवरच्या नाटकाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. इंदापूर, करमाळा भागातल्या मुलामुलींनी भीमेकाठच्या बुडालेल्या गावांवर नाटक बसवलं होतं. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजून पाणी उतरलं की वर येतं, आणि ते बघायला, फोटो काढायला माणसं नावेतून जातात. नाटकात सगळी तरुण मुलं, आणि एकच वयस्क बाई. तिला सगळे आक्का म्हणत. तिचं सासर पाण्यात गेलेलं. नाटकाच्या शेवटच्या भागात तिचं मोठं स्वगत होतं.

दिग्दर्शकाला तिच्यामागे पळसदेवचं देऊळ हवं होतं, पाण्यातून वर आलेलं शिखर, संध्याकाळचा लालसर उजेड. फोटो सुरेख होता. पण तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, आणि त्यात दिसतं ते आजचं देऊळ, आजचं पाणी. आक्का बोलत होती ते पाणी येण्याआधीच्या एका उन्हाळ्याबद्दल. कुणाच्या बांधावर कुणाची चिंच होती, कुणी कुणाला किती शेर ज्वारी उसनी दिली, कुणाची सून कुठल्या विहिरीवर रुसून बसली. तिच्यामागे जागेचं चित्र लावलं असतं तर तिचे सगळे शब्द त्या शिखराची तळटीप झाले असते.

आम्ही सातबाऱ्याचा उतारा घेतला. जुना, हातानं लिहिलेला, शाईचा. गट, क्षेत्र, आकार, कब्जेदारांची नावं, खाली इतर हक्क. बदल झाले की जुन्या नावाला कंस, त्याखाली नवं नाव, मेलेल्याचे वारस, वाटण्या. ज्यानं शेतजमीन सांभाळली आहे त्याला ठाऊक आहे की गावाचा इतका बारकाईनं लिहिलेला इतिहास दुसरा नाही. तो आम्ही मागच्या पडद्यावर टाकला नाही. प्रोजेक्टर वर टांगला आणि उतारा जमिनीवर पाडला, आक्काच्या पायांशी. रकान्यांच्या रेघा सऱ्यांसारख्या पसरल्या. ती बोलू लागली की अक्षरं हळूहळू तिच्या पायांवर, लुगड्याच्या निऱ्यांवर, पदरावर चढायची. गुडघा, कंबर, छाती. गळ्याशी येईपर्यंत ती बोलत राहायची, आणि मग नावं एकेक करून विरायची.

एक अडचण होती, आणि ती आक्कानं पहिल्याच तालमीत धरली. तिला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांत फक्त भिंगाची तिरीप यायची. ती म्हणाली, "पोरी, माझ्या अंगावर काय चाललंय ते मला कळाया नको?" मी मोबाइलवर चित्रण करून तिला दाखवलं. तिनं ते चष्मा लावून बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि विचारलं, "हे दंडावर येतंय तवा मी काय बोलत असते?" मी वाक्य सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं कुणालाही न विचारता त्या वाक्याला उजवा हात पुढे केला, तळवा उताणा. अक्षरं तळव्यावर आली. आणि आक्कानं मान खाली घालून तळहातावरचं नाव वाचलं. सासऱ्याचं. ते उताऱ्यात नव्हतं. ते तिनं स्वतःच तिथे वाचलं.

महालाच्या पडद्यापुढची ती चार पावलं त्या दिवशी संपली. चित्र आणि नट यांच्यात अंतरच उरलं नाही, आणि तरी तिचा चेहरा, तिचे डोळे लख्ख दिसत होते, कारण ज्या उजेडानं चित्र केलं होतं तोच तिला उजळत होता.

आधी आम्ही अक्षरं चढण्याची एक सलग चित्रफीत केली होती. ती सुरू केली की आपल्या वेगानं संपायची. पण आक्का कधी चिंचेपाशी थांबायची, कधी विहिरीवरच्या सुनेला दोन वाक्यं जास्त द्यायची, आणि समोर कोण बसलंय त्यावर ते ठरायचं. फितीला ते कळत नव्हतं. मी ती तोडली, लहान लहान तुकडे केले, आणि प्रत्येक तुकडा हातानं सोडू लागले, तबलजीनं गवयाच्या सुरावर कान ठेवून समेची वाट बघावी तसा. तेव्हापासून स्वगताच्या वेळी मी पडद्याकडे बघतच नाही. मी तिच्या खांद्यांकडे बघते. ती श्वास घेते तेव्हा खांदा किंचित वर जातो, आणि तिथे माझं बोट खाली येतं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आजकाल उलटा आग्रह वाढला आहे. आवाज, दिवे आणि चित्र सगळं एकत्र जुळवून ठेवायचं, एकदा कळ दाबली की सगळं आपोआप चालावं, आणि नटानं त्या वेगात बसावं. दौऱ्यावरच्या नाटकांची ओढाताण मला कळते. सकाळचा प्रयोग एका गावात, रात्रीचा दुसऱ्या, मध्ये घाट, ट्रॅफिक, आणि सेट लावायला जेमतेम वेळ. बांधून ठेवलेलं वेळापत्रक सोयीचं असतं. पण नटाचं थांबणं ही नाटकाची खरी संपत्ती आहे. सिनेमाकडे ती नाही. पडद्यावरची नटी तुमच्या गावात आली म्हणून जास्त वेळ गप्प राहत नाही. ती संपत्ती यंत्राच्या सोयीसाठी गहाण टाकायची असेल तर यंत्र घेऊच नये.

करमाळ्याकडच्या एका मंगल कार्यालयात प्रयोग झाला. प्रोजेक्टर टांगायला वर काही नव्हतं, म्हणून मुलांनी खांबांना आडवा बांबू बांधला. पंखे बंद केले, कारण हवेनं बांबू हलायचा आणि सातबारा डुलायचा. उकाड्यात माणसं भिंतीपर्यंत बसली होती, बरीचशी पुनर्वसित वस्त्यांमधली. अक्षरं चढू लागली तशी पुढच्या दोन रांगांतली म्हातारी माणसं नावं मोठ्यानं वाचू लागली. ती नावं त्यांच्या गावची नव्हती, तरी वाचत होती. आक्का थांबली. त्यांना वाचू दिलं. मीही थांबले. प्रयोगानंतर एका आजोबांनी विचारलं, "आमचा उतारा लावता येईल का?" त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये फोटो होता.

तेव्हापासून ज्या भागात प्रयोग असेल तिथला उतारा आम्ही आधी मागवतो. माणसं आवडीनं देतात, कुणी झेरॉक्स आणतं, कुणी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला मूळ कागद. मी तो प्रयोगाच्या आधी स्कॅन करते, डाग तसेच ठेवते. रंगवलेल्या पडद्याला हे कधी जमलं नसतं. महालाचा पडदा सांगलीत महाल, नागपुरातही तोच महाल. माझं चित्र आज या गावाचं आहे, उद्या त्या गावाचं, आणि प्रयोग संपला की कागद ज्याचा त्याला परत.

आता एक मुलगा हे काम माझ्याकडून शिकतोय. यंत्रात माझ्याहून कितीतरी हुशार. पहिल्याच आठवड्यात त्यानं एक जोडणी दाखवली, ज्यात आक्काच्या गळ्याशी माइक लावला की तिच्या आवाजाच्या चढउतारावर अक्षरं स्वतःच चढतील, बोटाची गरजच नाही. त्यानं मेहनत घेतली होती आणि ते चालतही होतं. आम्ही करून बघितलं. आवाजावर अक्षरं छान चढली. पण स्वगतातलं सर्वांत मोठं मौन आलं तेव्हा तीही थांबली, आणि नेमकं तिथेच पाणी वाढायला हवं होतं. माणूस बोलायचा थांबला म्हणून धरणाचं पाणी थांबत नाही. त्यानं ते लगेच ओळखलं आणि माइक काढून ठेवला, हे मला त्याचं फार आवडलं.

आक्कानं त्याला बसवून घेतलं आहे. बोट ठेवायचं तर आधी सगळं स्वगत तोंडपाठ हवं, अशी तिची अट आहे, चिंच, ज्वारी, रुसलेली सून, सगळं, तिच्याच उच्चारांत. त्याचं अर्धं झालंय. उरलेलं तो प्रवासात ट्रॅक्सच्या मागच्या बाकावर बसून म्हणतो, आणि कुठे शब्द गाळला की आक्का पुढच्या सीटवरून मान न वळवता तो शब्द ओरडून भरते.